कोल्हापुरात बदली झालीय, सुट्टीच्या दिवशी बघायचं-ऐकायचं काय?

नवा_करवीरकर
नमस्कार मंडळी. जूनमध्ये ठाण्याहून बदली होऊन कोल्हापूरला आलो, आता निदान तीन वर्षं इथेच. घरात बायको, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. ठाण्यात गडकरी रंगायतन चालत जाण्याच्या अंतरावर होतं, त्यामुळे महिन्याकाठी एखादं नाटक, कधी गाणं, असं आपसूक व्हायचं. इथे अंबाबाई झाली, रंकाळा झाला, न्यू पॅलेस झाला, पन्हाळा झाला. पाहुणे आले की पुन्हा त्याच क्रमाने सगळं होतं. तिकिटांच्या ॲपवर 'कोल्हापूर' टाकलं की सिनेमे सोडून फारसं काही निघत नाही. ऑफिसात विचारलं तर एकजात सगळे म्हणाले, "रविवारी मटण आणायचं, जेवायचं, झोपायचं." ते मी मन लावून करतोय, पण घरचे आता वैतागलेत.

लहानग्याला, सासूबाईंना आणि आम्हा दोघांना चालेल असं काही सुचवा. नुसती देवळं नकोत, नुसतं खाणंही नको. (वाटेत खाणं आलं तर नाही म्हणणार नाही.)

शिवाजीपेठी
भावा, ॲपवर बघून कोल्हापूर गावत नसतंय. हितलं कार्यक्रम तिथीवर ठरत्यात, न्हाईतर चौकातल्या फळ्यावर. परवाच्या दसऱ्याला दसरा चौकात सोनं लुटायला गेलतास काय?

नवा_करवीरकर
दसऱ्याला ठाण्याला गेलो होतो हो.

शिवाजीपेठी
झालं मग! पुढच्या साली जाऊ नकोस. अंबाबाईची, तुळजाभवानीची, गुरुमहाराजांची अशा पालख्या येत्यात, महाराज शमीपूजन करत्यात आणि पूजा आटपली की अख्खा चौक आपट्याच्या पानांवर तुटून पडतोय. छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बी बाहेर निघती. पोराला खांद्यावर घे, न्हाईतर त्याला नुसत्या माणसांच्या पाठीच दिसतील.

रंकाळाकाठ
नवा करवीरकर, स्वागत. देवळं नकोत म्हणालात तरी एक देवळातलीच गोष्ट सांगते, कारण ती तोंडावर आली आहे.

नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतं. पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर, असा हिशेब. (शिवाजीपेठी, तुमच्या नियमाला हा अपवाद. किरणोत्सव तिथीवर नाही, तारखेवर चालतो.) नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सगळं आटोपलेलं असतं, त्यामुळे पाचच्या आत देवळात शिरायला हवं. जानेवारी-फेब्रुवारीत साधारण अर्धा तास उशिरा.

सगळे गाभाऱ्याकडे डोळे लावून उभे असतात. मी शाळेतल्या मुलांना घेऊन जायचे तेव्हा त्यांना फरशीकडे बघायला सांगायचे. ऊन जमिनीवरून सरकत येतं, गरुड मंडप ओलांडतं, मग कासव चौक, मग पितळी उंबरा. पितळी उंबऱ्याला ते टेकलं की पितळ पेटल्यासारखं दिसतं आणि मंडपातली कुजबुज बंद पडते. पुढचं सगळं काही मिनिटांचं काम. क्षितिजावर ढग असले, हवेत धुरळा किंवा बाष्प जास्त असलं, की किरणं कमरेशीच विरतात. महाद्वाराच्या बाजूला उंच झालेल्या इमारतींची आडकाठी हा तर जुनाच वाद. म्हणून एकाच दिवसावर भिस्त ठेवू नका. मी भूगोल शिकवायचे. सूर्याचं दक्षिणायन-उत्तरायण फळ्यावर आकृत्या काढून जे डोक्यात शिरत नाही, ते तिथे उभं राहून शिरतं. चौथीतल्या मुलाला न्याच.

मुंबईचा_कावळा
ताई, गर्दीचंही सांगा की. त्यांच्या सासूबाई सोबत आहेत.

रंकाळाकाठ
तिसऱ्या दिवशी भयंकर गर्दी. सासूबाईंना न्यायचं तर पहिला दिवस बरा. बाहेर पडद्यावरही दाखवतात बहुतेक वेळा, पण ते घरी टीव्हीवर बघण्यातलाच प्रकार झाला.

तिसरी_घंटा
नाटकाचा विषय निघालाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केशवराव भोसले नाट्यगृह म्हणजे शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर. संगीतसूर्य केशवराव इथलेच, म्हणून पुढे त्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली; दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कितीतरी रंगकर्मी त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडत होते. बाहेरच्या दगडी भिंती राहिल्या, रंगमंच आणि आतलं लाकूडकाम गेलं. पुनर्बांधणीचं काम चालू आहे. कधी उघडणार यावर लोक पैजा लावतात, मी लावत नाही.

पण नाटक थांबलेलं नाही. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापूर केंद्रावरही होते, साधारण नोव्हेंबरात. हॉल कुठला ते तेवढं आधी बघून घ्या, कारण आता स्पर्धेला हक्काचं घर नाही. तिकीट इतकं कमी असतं की रिक्षाला जास्त जातात. सगळीच नाटकं चांगली असतात असं अजिबात नाही. काहींचं नेपथ्य दुसऱ्या अंकात हलतं, काहींची प्रकाशयोजना पात्राच्या एक पाऊल मागे चालते. पण कारखान्यातला क्लार्क, एसटीतला वाहक, शाळेतल्या बाई दिवसभराचं काम उरकून रात्री तालमीला बसतात, आणि अशा संघातून अचानक एखादा नट असा काही उभा राहतो की पुढचे दोन तास कुठे गेले कळत नाही. ठाण्या-मुंबईच्या गुळगुळीत नाटकांची सवय असेल तर पहिल्या दोन-तीन प्रयोगांना कंटाळाल. टिकून राहा.

व्यावसायिक नाटकांचे दौरे मात्र कमी झालेत, ते लपवण्यात अर्थ नाही. मध्यंतरी एका मंगल कार्यालयवजा हॉलमध्ये प्रयोग बघितला. गंभीर प्रसंग, नायिकेचं निरोपाचं स्वगत, आणि शेजारच्या लॉनवर वरात येऊन थडकली. बँडवाल्याला काय, तो रंगातच होता. बाईंनी स्वगत थांबवलं, वरात जाऊ दिली, मग राहिलेलं वाक्य तिथूनच उचललं. त्या रात्रीची सगळ्यांत मोठी टाळी त्या थांबण्याला.

गाण्यासाठी गायन समाज देवल क्लब, १८८३ पासूनची संस्था. अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक म्हणून या गावात राहिले, त्यामुळे त्यांची जयपूर-अत्रौली गायकी इथल्या कानांना अनोळखी नाही. मोठ्या नावांच्या मागे लागू नका. नाव न ऐकलेल्या गवयाच्या बैठकीला जा. श्रोते मोजके असतात आणि पहिल्या रांगेतले आजोबा सम कुठे आली ते मान हलवून जाहीर करतात.

नवा_करवीरकर
हे सगळं कळणार कुठे पण? तोच तर माझा मूळ प्रश्न आहे.

तिसरी_घंटा
सकाळच्या पेपरात शहरातल्या त्या दिवसाच्या कार्यक्रमांचं छोटं सदर असतं, जाहिरातींच्या गर्दीत कुठेतरी. ते रोज वाचा. दुसरं म्हणजे दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात डोकावत जा. चित्रप्रदर्शन, व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, काही ना काही चालू असतं, आणि बहुतेक वेळा फुकट. दोन कार्यक्रमांना गेलात की तिसऱ्याचं निमंत्रण कुणीतरी हातात ठेवतंच. इथे माणसं ओळख काढतात, "कुठले तुम्ही?" ला कंटाळू नका.

नव्वद_मिनिटं
नाटक-गाणं सगळं बरोबर, पण फुटबॉल कुणी सांगणार आहे का नाही? हंगाम लागला की शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. वर्ल्डकप आला की पंचगंगेपासून रंकाळ्यापर्यंत मेस्सी-नेमारचे कटआउट. महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे चारच्या उन्हात स्थानिक क्लबची मॅच बघायला एवढी माणसं बसतात ते दाखवा.

अभिरुची_विशेष
हा धागा सांस्कृतिक कार्यक्रमांचा आहे ना? फुटबॉल आणि कुस्तीसाठी क्रीडा विभाग आहे. तिकडे टाका कृपया.

शिवाजीपेठी
आगं बया. आली समिती.

रंकाळाकाठ
अभिरुची, एकदा खासबागेत जाऊन उभ्या राहा. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं जुनं कलोसियम बघून आले, आणि त्यावरून कुस्तीचं मैदान करवून घेतलं; १९१२ मध्ये ते पुरं झालं. तीन वर्षांनी नाट्यगृह उघडलं, ते त्याच मैदानाला पाठ लावून. इकडे तबला लागायचा, तिकडे हलगी. ज्यांनी खाँसाहेबांना दरबारात ठेवलं, त्यांनीच पैलवानांच्या खुराकाची सोय केली. त्यांना विभाग पाडावेसे वाटले नाहीत, आपण कशाला पाडायचे?

अभिरुची_विशेष
मुद्दा मान्य. पण स्टेडियमवरच्या घोषणा ऐकल्यात का कधी? चौथीतला मुलगा घरी येऊन त्या म्हणून दाखवेल, आजीसमोर.

नव्वद_मिनिटं
याला उत्तर नाही माझ्याकडे. दोन पेठांत चुरस असली की तोंडं सुटतात, कधी हातही. साखळीतल्या एखाद्या साध्या सामन्याला न्या. उपांत्य फेरीपासून पुढे मोठ्यांनीच जावं.

शिवाजीपेठी
पोराला कुस्ती दाखवायची आसंल तर मैदानाची वाट कशाला बगायची? पहाटे तालमीत ने. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम. चपला भाईर. वस्तादांना "बघू का" म्हणून इचारायचं, ते व्हय म्हणाल्यावर कडंला गप उभं ऱ्हायचं. लाल मातीच्या हौदात पाय टाकायचा न्हाई. मोबाईल इचारल्याबिगर भाईर काढायचा न्हाई.

माती बगा नीट. रानातली माती न्हवं ती. चाळून घेतल्याली आसती, त्यात ताक, त्याल, हळद, लिंबू, कापूर. म्हनून तालमीत शिरल्याबरूबर वास येतोय तो घामाचा कमी आन हळदी-कापराचा जास्ती. पैलवान लढायच्या आधी माती उकरत्यात, तो बी व्यायामच. मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकली की मग धरायचं. घामानं हात निसटू ने म्हनून.

पोटोबा
पहाटे तालीम आणि संध्याकाळी गंगावेशीतलाच दूध कट्टा. म्हैस समोर, धार समोर, ग्लास हातात. मुलाला फेस आवडेल. नाटक असेल त्या दिवशी खासबागेजवळच्या खाऊगल्लीत भेळ. बस, माझं योगदान संपलं.

दगडी_डोळा
शहरातलं सगळ्यांत दुर्लक्षित ठिकाण कुणीच सांगितलं नाही: टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय. एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानींची इमारत, भोवती जुन्या झाडांची बाग. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. आत शिरून ब्रह्मपुरीत सापडलेल्या वस्तू कुठे आहेत ते विचारा. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेकाठची टेकडी, आज तिच्यावर घरं आहेत. तिथे पॉसिडॉनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी! साधारण दोन हजार वर्षांपूर्वी इथून रोमन जगाशी व्यापार चालत होता त्याचा हा पुरावा, आणि तो वीतभर उंचीचाही नाही असं वाटावं इतका लहान. मुलाला आधी गोष्ट सांगा, मग मूर्ती शोधायला लावा. उलट केलंत तर तो दोन मिनिटांत "चला" म्हणेल.

याच बागेत जानेवारीत 'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. झाडाखाली गाणं चालू असतं आणि भोवती चित्रकार चित्रं काढतात, शिल्पकार माती लिंपतात. कुणाच्याही मागे जाऊन उभं राहा, कुणी हाकलत नाही. कोऱ्या कॅनव्हासपासून सहीपर्यंत एक चित्र पुरं होताना बघायला मिळतं. कोल्हापुरात मला वर्षातला एकच दिवस निवडायला सांगितला तर हा निवडेन. किरणोत्सववाल्यांनी रागावू नये.

रंकाळाकाठ
रागावले नाही. मीही जाते तिथे, घडीची खुर्ची घेऊन.

पायवाट
शहराबाहेरचं थोडं.

माघात जोतिबाचे खेटे. रविवारी पहाटे पंचगंगेवरून निघून वडणगे, निगवे, कुशिरे करत डोंगर चढायचा. ओळीने पाच रविवार करतात भाविक, तुम्ही एक करा. चैत्र यात्रा म्हणजे गुलाल, सासनकाठ्या आणि तुफान गर्दी. बघण्यासारखी आहेच, पण लहान मूल नेऊ नका. खेट्याला वाटेत गावातले लोक चहा देतात, बोलतात, आणि माणूस डोंगरावर कधी पोचला ते त्याला समजत नाही.

मेच्या शेवटाला, पावसाच्या तोंडावर, राधानगरीत काजवे. टॉर्च आणि फ्लॅश मारायचा असेल तर मात्र कृपा करून जाऊ नका. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालत; मुलगा आठवीत गेल्यावर बघा.

आणि खिद्रापूर. साठेक किलोमीटर, नरसोबाच्या वाडीवरून कुरुंदवाड, मग खिद्रापूर. बाराव्या शतकाच्या सुमाराचं शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. गोल आभाळ, त्याच्या बरोब्बर खाली तेवढीच गोल शिळा आणि भोवती खांबांचं कडं. शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. बाहेरून पीठावर हत्ती ओळीने देऊळ पेलून उभे, त्यातल्या कितीकांच्या सोंडा फुटलेल्या. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या आसपास चंद्र त्या गोलावर येतो.

शिवाजीपेठी
त्रिपुरीचं नाव काढलंस आन पंचगंगा घाट सांगितला न्हाईस? पहाटे चारला उठायचं. घाटावर वरपासून पाण्यापत्तोर हजारो पणत्या, पायऱ्यांवर रांगोळ्या. रांगोळ्या काढनारी पोरं रातभर तिथंच असत्यात. उजाडलं की संपलं. आठ वाजता येऊन "दिवे कुठं हायत" म्हननाऱ्याला आमी उत्तर देत न्हाई.

मुंबईचा_कावळा
म्हणजे पहाटे चारला घाट आणि मध्यरात्री खिद्रापूर, एकाच दिवशी? सासूबाईंचा काय गुन्हा?

पायवाट
दोन्ही एका दिवशी करू नका. खिद्रापूरला त्या रात्री हल्ली प्रचंड गर्दी होते, मंडपात उभं राहायला जागा मिळत नाही. हत्ती बघायचे असतील तर आडवारी सकाळी जा.

तिसरी_घंटा
आषाढात टेंबलाईची यात्राही लक्षात ठेवा. मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं पाणी कलशातून टेंबलाईला नेतात, गल्लीगल्लीतून मिरवत, पुढे पी-ढबाक. एकदा ते वाद्य ऐकलं की दिवसभर कानात राहतं. नवरात्रातल्या ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला भेटायला जाते आणि कोहळा फोडतात. त्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते ती लांबूनच बघा.

नवा_करवीरकर
अरे बापरे. एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. बायकोने यादी करून फ्रिजवर लावली आणि सासूबाईंनी त्यात पहिली खूण त्रिपुरीच्या पहाटेला केली, चार वाजता उठायला त्याच तयार. त्यानंतर किरणोत्सवाचा पहिला दिवस, मग स्पर्धेतली दोन नाटकं. मुलाला पॉसिडॉनपेक्षा म्हशीची धार महत्त्वाची वाटते. तालीम आणि दूध एकाच दिवशी बसवतो.

एकच अडचण. सासूबाईंचे गुडघे दुखतात. घाटाच्या पायऱ्या उतरणं जमणार नाही. वरून काही दिसतं का?

रंकाळाकाठ
शिवाजी पुलावरून सगळा घाट दिसतो, आणि पाण्यातलं प्रतिबिंब खालच्यांपेक्षा पुलावरच्यांना जास्त चांगलं दिसतं. शाल न्या, नदीवर पहाटे गारठा असतो. बसायला छोटं स्टूल मिळालं तर उत्तम.

शिवाजीपेठी
गाडी गंगावेशीच्या अलीकडंच लाव आन चालत ये, पुढं आणलीस तर आठपत्तोर निघत न्हाई. तू पोराला घिऊन खाली ये, आमच्या मंडळाची पोरं असत्यात घाटावर. पणत्या लावायला हात कमीच पडत्यात, त्याला बी लावू दे चार.

अभिरुची_विशेष
पणत्या लावायला मीही येऊ का? की आधी समिती नेमायची?

शिवाजीपेठी
या की ताई. येताना वाती घिऊन या, त्याल हाय आमच्याकडं.